ऑक्सिजन नको असतो तेव्हा : नायट्राइड अणुइंधनाचा पाठ



‘ऑक्सिजनशिवाय ज्वलन नाही’ हे आपल्या मुलांना पाठ असतं. परळीच्या औष्णिक विद्युत केंद्रात कोळसा जळतो तो हवेतल्या ऑक्सिजनमुळेच. मग अणुभट्टीतल्या इंधनालाही ऑक्सिजन लागत असेल ना? नाही. तिथे काही जळत नाही. युरेनियम-प्लुटोनियमची अणुकेंद्रकं फुटतात आणि उष्णता मिळते. उलट काही इंधनांत ऑक्सिजन ही अशुद्धी ठरते.

नायट्राइड कशासाठी?

तारापूरच्या अणुभट्ट्यांत युरेनियम डायऑक्साइडच्या छोट्या दंडगोलाकार गोळ्या वापरतात. कुंभार भांडी भाजतो तशा त्याही भट्टीत भाजून घट्ट करतात. म्हणून हे सिरॅमिक इंधन. पण ऑक्साइड उष्णतेचा मंद वाहक आहे. युरेनियम नायट्राइड उष्णता कित्येक पट चांगली वाहून नेतं, त्यामुळे गोळीचा गाभा कमी तापतो. शिवाय ऑक्साइडची घनता सुमारे ११, तर नायट्राइडची सुमारे १४.३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त युरेनियम मावतं.

ऑक्सिजन येतो कुठून?

नायट्राइड बनवण्याची एक नेहमीची रीत अशी :

युरेनियम ऑक्साइड + कार्बन + नायट्रोजन → युरेनियम नायट्राइड + कार्बन मोनॉक्साइड

कार्बन कमी पडला तर थोडं ऑक्साइड तसंच राहतं. जास्त झाला तर उरलेला कार्बन पुढे पोलादी नळीत शिरून तिला ठिसूळ करू शकतो. प्रमाण जमलं तरी बारीक भुकटी हवेतला ऑक्सिजन आणि ओल शोषून घेते.

थोड्याने काय बिघडतं?

दहावीच्या मुलांकडून हे गणित करून घ्या. युरेनियम २३८, ऑक्सिजन १६. म्हणून युरेनियम डायऑक्साइडचं रेणुवस्तुमान २७०. त्यात ऑक्सिजन ३२. म्हणजे १ ग्रॅम ऑक्सिजन सुमारे ८.४ ग्रॅम ऑक्साइड तयार करतो! १ किलो इंधनात अशुद्धी ०.१ टक्का दिसते, पण सगळी ऑक्साइडच्या रूपात असेल तर जवळपास ०.८४ टक्के पदार्थ बदललेला असतो. ऑक्साइडचे हे कण नायट्राइडच्या कणांमध्ये बसतात, उष्णतेची वाट अडवतात आणि गोळी भाजताना ती घट्ट होण्यावरही परिणाम करतात. ज्या गुणांसाठी नायट्राइड निवडलं, तेच कमी होतात.

आपल्याकडचं उदाहरण

कल्पाक्कमची फास्ट ब्रीडर टेस्ट रिॲक्टर १९८५ मध्ये सुरू झाली. तिचं इंधन नायट्राइडचं जवळचं भावंड, म्हणजे युरेनियम-प्लुटोनियम कार्बाइड. ते मुंबईत, तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार झालं. कार्बाइडची भुकटी हवेत पेटूही शकते आणि प्लुटोनियम शरीरात जाणं घातक. म्हणून हे काम निष्क्रिय वायू भरलेल्या बंद पेटीत, पेटीला जोडलेल्या हातमोज्यांतून करतात.

वर्गात विचारा

१. २ किलो नायट्राइडमध्ये ०.०५ टक्के ऑक्सिजन असेल, तर जास्तीत जास्त किती ऑक्साइड तयार होईल? (उत्तर : सुमारे ८.४ ग्रॅम)

२. बंद पेटीत साधी हवा का चालत नाही? दोन कारणं सांगा.

पालकांनीही पहिला प्रश्न घरी सोडवून घ्यावा. ‘०.०५ टक्के म्हणजे काहीच नाही’ असं मूल म्हणालं, तर लगेच चूक म्हणू नका. आकडेमोड त्यालाच करू द्या.