कासव महोत्सव : नियोजन आणि पथ्ये

कोकणात बागायतदाराची वाडी जेथे संपते तेथे पुळण सुरू होते. माडाच्या शेवटच्या ओळीपलीकडची ही वाळू सातबाऱ्यावर आपल्या नावाने नसते, त्यामुळे तिच्याकडे लक्ष देण्याची सवयही आपल्याला नसते. परंतु नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे रात्रीच्या वेळी याच वाळूत अंडी घालण्यास येतात, आणि या अंड्यांभोवती काही गावांनी एक नवा उत्सव उभा केला आहे. रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातील वेळास हे त्यातील पहिले गाव. पुढे दापोली तालुक्यातील आंजर्ले, सिंधुदुर्गात वेंगुर्ले तालुक्यातील वायंगणी येथेही कासव महोत्सव भरू लागले. आपल्या पुळणीवर कासवे येत असतील तर आपणही असा महोत्सव जरूर भरवावा. मात्र मंडप, ध्वनिक्षेपक आणि जेवणावळी यांचा विचार करण्याआधी वाळूखाली काय घडते ते समजून घ्यावे. उत्सव नीट झाला तर कासवे वाचतात. आपल्या सोयीने झाला तर तोच त्यांच्या मुळावर येतो.

वेळासने काय केले?

वेळास हे सावित्री नदीच्या मुखाजवळ, बाणकोटच्या शेजारी वसलेले गाव. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून ते पूर्वीपासून परिचित आहे. सन २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते समुद्री गरुडांच्या घरट्यांची पाहणी करीत असताना त्यांना येथील किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली. त्या काळी किनाऱ्यावरील बहुतेक गावांत अंडी काढून खाण्याची किंवा विकण्याची रीत होती. माणसाच्या हातून जे सुटे ते कोल्हे व कुत्री उकरून खात. संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी वन विभाग, ग्रामपंचायत आणि ग्रामस्थ यांना बरोबर घेऊन किनाऱ्यावरच कुंपण घातलेले उबवणी केंद्र उभारले. सन २००६ पासून पिल्ले समुद्रात सोडण्याचा सोहळा बाहेरच्या लोकांसाठी खुला करण्यात आला. पाहुणे गावकऱ्यांच्या घरीच उतरू लागले, घरचेच जेवण जेवू लागले आणि अंड्यांपेक्षा पिल्लांतून गावाला जास्त मिळते हे दिसू लागले.

यातील एक गोष्ट आपण विशेष ध्यानात घ्यावी. पहाटे पुळणीवर कासवाचा माग ओळखणे आणि वाळूत काठी किंवा बोट खुपसून नेमके घरटे शोधणे हे कसब पुस्तकात मिळत नाही. ते गावात ज्याला येते तो बहुधा पूर्वी अंडी काढणाराच असतो. त्याला पोलिसात देण्याची भाषा करण्यापेक्षा रीतसर मानधन देऊन कासवमित्र म्हणून कामावर घ्यावे. त्याच्याइतका चांगला राखणदार मिळणे कठीण.

कोंबडीचे अंडे आणि कासवाचे अंडे

मादी कासव भरतीच्या रेषेच्या वर येऊन मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल खड्डा करते. खड्ड्याचे तोंड अरुंद व तळ रुंद, म्हणजे मडक्यासारखा आकार असतो. त्यात ती साधारण १०० ते १५० अंडी घालते, वाळूने बुजवते आणि निघून जाते. पुन्हा फिरकत नाही. वाळूच्या उबेवर ४५ ते ६० दिवसांत पिल्ले तयार होतात.

आपल्यापैकी अनेकांना कोंबड्यांचा अनुभव आहे. कोंबडीची अंडी उबवताना ती दिवसातून अनेक वेळा फिरवावी लागतात, न फिरवल्यास पिल्लू टरफलाला चिकटते. कासवाच्या अंड्याचे नेमके उलट आहे. कोंबडीच्या अंड्यात बलक तोलून धरणाऱ्या पिळदार दोऱ्या असतात, कासवाच्या अंड्यात त्या नसतात. घातल्यानंतर थोड्याच तासांत गर्भ टरफलाच्या वरच्या बाजूस आतून चिकटतो आणि तेथेच वाढू लागतो. त्यानंतर अंडे उलटेपालटे झाले की गर्भ मरतो. वरून अंडे जसेच्या तसे दिसते, म्हणून हे नुकसान दीड-दोन महिन्यांनी, घरटे न फुटल्यावरच कळते.

यासाठी जेथे शक्य असेल तेथे घरटे मूळ जागीच ठेवून त्यावर जाळी बसवावी व राखण करावी. भरतीचे पाणी, कुत्री किंवा चोरी यांचा धोका मोठा असेल तरच अंडी उबवणी केंद्रात हलवावीत, आणि तीही मादी परतल्यावर पहिल्या काही तासांतच. अंड्याची वरची बाजू वरच राहील अशा बेताने एकेक अंडे उचलावे, टोपलीत ओली वाळू घालून ठेवावे व दुचाकीवरून धक्के देत नेऊ नये. नवा खड्डा मूळ खड्ड्याइतकाच खोल व त्याच आकाराचा करावा. प्रत्येक खड्ड्याशी तारीख, मूळ जागा व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावावी. ऑलिव्ह रिडले हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे ही सर्व कामे वन विभागाच्या परवानगीने व देखरेखीखालीच करावयाची आहेत. हौसेने किंवा भूतदयेने घरी आणलेले घरटेदेखील कायद्याने गुन्हा ठरते.

वाळूच्या तापमानाकडेही लक्ष हवे. कासवात नर-मादी ठरते ते वाळूच्या उष्णतेवर. साधारण ३० अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही निपजतात, त्याहून गार वाळूत नर अधिक व उष्ण वाळूत माद्या अधिक. तापमान ३४-३५ अंशांच्या वर बराच काळ राहिले तर पिल्ले अंड्यातच मरू लागतात. मार्च-एप्रिलमध्ये उघड्या पुळणीवर हे सहज घडते. रोपवाटिका करणाऱ्या शेतकऱ्याला शेडनेटचा उपयोग सांगावयास नको. परंतु सगळ्याच घरट्यांवर दाट सावली केल्यास उलट बाजूने बिघडेल. वाळूत तापमापक खोचून रोजची नोंद ठेवावी आणि सावलीचा निर्णय वनाधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच घ्यावा.

पिल्लांची वेळ

महोत्सवातील खरी कसोटी येथे आहे. मुंबई-पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेला पाहुणा सकाळी सात वाजता पुळणीवर उभा राहतो, आणि त्या दिवशी एकही घरटे फुटत नाही. पाहुणा हिरमुसतो, मुले रडू लागतात, आणि आयोजकाच्या मनात येते की कालची चार पिल्ले टबात ठेवली असती तर बरे झाले असते. हा मोह कटाक्षाने टाळावा. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिल्लाच्या पोटात बलकाची शिदोरी मोजकीच असते. त्या बळावर त्याला किनाऱ्याच्या लाटा पार करून खोल पाणी गाठावयाचे असते. टबात किंवा टोपलीखाली तासन् तास वळवळण्यात ती शक्ती संपते, आणि असे थकलेले पिल्लू समुद्रात गेले तरी पक्ष्यांच्या व माशांच्या तोंडी सहज पडते. आधीच हजारात एखादे पिल्लू मोठे होते असा अभ्यासकांचा अंदाज आहे. आपण त्यात आणखी घट का करावी?

पिल्ले बहुधा वाळू गार झाल्यावर, म्हणजे रात्री किंवा पहाटे वर येतात. म्हणून घरटे फुटण्याची तारीख जवळ आली की कासवमित्राने रात्रीदेखील फेऱ्या माराव्यात आणि वर आलेली पिल्ले तेव्हाच सोडावीत. जी सकाळी किंवा संध्याकाळी येतील तीच पाहुण्यांना दाखवावीत. भर उन्हात पिल्ले सोडू नयेत. ‘पिल्ले दिसतीलच असे नाही’ हे वाक्य निमंत्रणातच ठळक छापावे. पाहुणा एकदा हे जाणून आला की तो तक्रार करीत नाही. फसवून बोलावलेला मात्र करतो.

सोडताना पिल्ले पाण्यात नेऊन टाकू नयेत. पाण्यापासून काही अंतरावर वाळूवर ठेवून त्यांना स्वतः चालत जाऊ द्यावे. चालण्याची वाट दोरीने आखून पाहुण्यांना दोरीच्या बाहेर उभे करावे. वाटेवरील पावलांचे ठसे फळीने सपाट करावेत; माणसाचा एक ठसादेखील बोटभर पिल्लाला खड्ड्यासारखा असतो. कोणी पिल्लास हात लावू नये, फ्लॅश वापरू नये. पाहुण्यांना हे सांगण्याचे काम गावातील शाळकरी मुलांकडे द्यावे. मुलांनी टोकले की मोठी माणसे निमूट ऐकतात, असा सर्वत्रचा अनुभव आहे.

वाडीवाल्यांनी काय करावे?

रात्री समुद्राकडील क्षितिज जमिनीपेक्षा उजळ असते, त्या उजेडाच्या रोखाने पिल्ले समुद्राकडे जातात. वाडीतील पंपघरावरचा किंवा घराच्या पडवीतील पांढरा दिवा त्यांना उलटे जमिनीकडे खेचतो, आणि उजाडेपर्यंत ती माडाच्या आळ्यात भटकून मरतात. हंगामात समुद्राकडील दिवे बंद ठेवावेत किंवा त्यांना आडोसा करावा. मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त आपापल्या घरापासून सुरू करावा. पुळणीवर सुरूची लागवड करताना भरतीच्या रेषेपर्यंत झाडे आणू नयेत. मुळे व पडलेल्या काड्या यांमुळे मादीला खड्डा करता येत नाही. वाळूचा उपसा व पुळणीवरून गाड्या पळवणे याबाबत अधिक लिहिण्याची गरज नसावी.

उत्पन्नाची बाजू सांभाळून हाताळावी. आंबापोळी, फणसपोळी, कोकम, कुळीथ पीठ, नारळ यांना या दिवसांत दारात गिऱ्हाईक मिळते. परंतु ज्यांची घरे मोठी, त्यांच्याकडेच सर्व पाहुणे गेले आणि रात्री पुळणीवर जागणाऱ्याला काहीच मिळाले नाही, तर दोन हंगामांत राखण ढिली पडेल. पाहुण्यांची वाटणी समितीमार्फत पाळीने करावी व प्रत्येक पाहुण्यामागे ठराविक रक्कम राखणीच्या खात्यात जमा करावी. गावच्या विहिरींना मार्चमध्ये किती पाणी असते ते मोजूनच पाहुण्यांची संख्या ठरवावी. पाण्यावरून भांडण लागल्यास कासवांचे नाव निष्कारण खराब होते.

कोळी बांधवांशिवाय नाही

नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहण्याची आपली जुनी परंपरा आहे. त्याच दिवशी बंदरावर कासवांविषयी चार शब्द बोलले गेले तर त्याचा उपयोग स्वतंत्र सभेपेक्षा अधिक होईल. कासव फुप्फुसाने श्वास घेते. ट्रॉल जाळ्यात दीर्घकाळ अडकले की ते गुदमरून मरते. कोचीनच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने जाळ्याला बसवावयाचे ‘टेड’ हे साधन विकसित केले आहे, त्यातून कासव बाहेर पडते व कोळंबी आत राहते. अशी साधने वापरात नाहीत या कारणावरून अमेरिकेने २०१९ मध्ये भारतीय समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली होती, म्हणजे हा प्रश्न नुसत्या दयेचा नाही. संरक्षित प्राणी जाळे कापून सोडून दिल्यास राज्य शासनाने २०१८ च्या डिसेंबरपासून २५,००० रुपयांपर्यंत भरपाईची तरतूद केली आहे. त्यासाठी सुटकेची छायाचित्रे लागतात, हे प्रत्येक नौकेवर माहीत असावे.

एका गावाने राखलेले कासव किती दूर जाते याचे उदाहरण गुहागरला मिळाले. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ मध्ये ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावलेली मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या वाळूत अंडी घालताना आढळली. पूर्व व पश्चिम किनाऱ्यावरील कासवे वेगळी, असा समज त्यामुळे पुन्हा तपासावा लागला. पुळणीवर रात्री जागणारी, पट्टीचा क्रमांक वाचणारी माणसे नसती तर हे कोणालाच कळले नसते. आपल्या कासवमित्रांनाही पट्टी दिसल्यास क्रमांक टिपून वनरक्षकास कळविण्याची सूचना द्यावी.

हंगामाचे वेळापत्रक

ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करून समिती नेमावी व वन परिक्षेत्र कार्यालयास लेखी कळवावे. नोव्हेंबरपासून पहाटेच्या फेऱ्या सुरू कराव्यात. महोत्सवाच्या तारखा मात्र आधी जाहीर करू नयेत. पहिली घरटी मिळाल्यावर त्यांच्या तारखांत पन्नास दिवस मिळवून अंदाज येतो, तेव्हाच निमंत्रणे काढावीत. पिल्ले बाहेर येऊन गेल्यावर काही दिवसांनी घरटे उकरून फुटलेली टरफले, न फुटलेली अंडी व मेलेली पिल्ले वेगवेगळी मोजावीत. मेलेल्यांची संख्या वहीत लपवू नये. पुढील वर्षी खड्डा कोठे घ्यावयाचा, सावली कधी करावयाची हे त्यावरूनच ठरते. मे अखेरीस, उधाणाचे पाणी येण्यापूर्वी, कुंपणाची जाळी व खांब काढून घ्यावेत आणि वहीची एक प्रत वन कार्यालयात देऊन पोच घ्यावी.