दक्षिण कोसलची उठावाची नाणी व ओतीव प्रतिकृती

रायपूरचा परिसर हा प्राचीन दक्षिण कोसलाचा भाग होय. शरभपुरीय राजा प्रसन्नमात्र याची, तसेच महेंद्रादित्य नावाची, तेथील सुवर्णनाणी पातळ पत्र्यावर मागील बाजूने ठोकून घडविलेली आहेत. त्यांचे वजन सुमारे १.३ ग्रॅम असते. पुढे गरुड, शंख, चक्र आणि पेटिकाशीर्षक ब्राह्मीतील राजनाम उठून दिसते. मागे त्याच आकृती खोलगट व उलट्या उमटतात. ओतीव प्रतिकृतीत हा मेळ बिघडतो : पत्रा जाड होतो, अक्षरांच्या कडा बोथटतात, पृष्ठभागावर सूक्ष्म छिद्रे राहतात.

तथापि ओतीव म्हणजे बनावट, असे सूत्र करता येत नाही. प्राचीन भारतातील कित्येक तांब्याची नाणी मुळातच ओतलेली आहेत; त्यांच्या कडेवरील साच्याचा सांधा हा दोष नव्हे. म्हणून प्रथम नाण्याची मूळ घडणरीत निश्चित करावी आणि मगच वजन, कडा व अक्षरवळण तपासावे.

ही दक्षता केवळ संग्राहकापुरती नाही. नल राजा वराहराज हा बस्तरमधील एडेंगा येथे सापडलेल्या अशाच उठावाच्या नाण्यांमुळे इतिहासाला ज्ञात झाला. जेथे नाणे हाच लेख असतो, तेथे खोट्या नाण्याबरोबर खोटा राजाही वंशावळीत शिरतो.