गिटारचा कॉम्प्रेसर आणि खोपोलीचा गव्हर्नर



आमच्या कर्जत-खालापूर भागात गणपतीच्या दिवसांत गावोगाव बेंजोपार्ट्यांचे सूर घुमतात. आता गिटार आणि बेस गिटार वाजवणारी मुलेही दिसू लागली आहेत. अशाच दोन विद्यार्थ्यांनी आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात ही वाद्ये वाजवली. बेसचे काही स्वर छातीत धडकत होते, तर काही मुळी ऐकूच येत नव्हते. मागून ओरड झाली, "आवाज वाढवा!" त्याने आवाज वाढवला. हळू स्वर तरीही हरवलेलेच राहिले, मोठे मात्र कर्ण्यात खरखरू लागले. मग गिटारवाल्यानेही आपला आवाज वाढवला. तिसऱ्या गाण्याला पहिल्या रांगेतील मंडळींनी कानांत बोटे घातली!

दुसऱ्या दिवशी बेस वाजवणारा मुलगा प्रयोगशाळेत आला. हातात एक लहानशी लोखंडी डबी, तिला पायाने दाबायचे एक बटण. "सर, हा कॉम्प्रेसर. हा लावला की आवाज वाढतो म्हणतात. खरे का?"

पंक्चरच्या दुकानात हवा भरणारा कॉम्प्रेसर तुम्ही पाहिला असेल. तो हवा दाबतो, हा विद्युत्संकेत दाबतो. त्यामुळे मुलाला मी उत्तर दिले, "अरे, हा आवाज वाढवत नाही, कमी करतो!" ते कसे, हे आता आपण पाहू या.

दोन स्वरांतील अंतर

गिटारच्या तारेखाली चुंबक आणि तारेची गुंडाळी असते. पोलादी तार कंप पावली की गुंडाळीत अल्पसा विद्युत्दाब निर्माण होतो. समजा, तार हळूच छेडली तर १० मिलिव्होल्ट आणि जोरात छेडली तर १०० मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे दहापट फरक. डेसिबलच्या भाषेत विद्युत्दाबाची दहापट म्हणजे २० डेसिबल आणि दुप्पट म्हणजे सुमारे ६ डेसिबल.

बेसची अडचण याहून मोठी असते. गिटारच्या सर्वांत जाड तारेची वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झ, तर बेसच्या जाड तारेची त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ४१ हर्ट्झ. इतक्या खालच्या स्वरांना आपला कान मंद असतो. अमेरिकेतील फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. खालच्या स्वरांची पातळी थोडी जरी घटली, तरी कानाला तो स्वर पुष्कळच हळू वाटतो. म्हणूनच बेसचे एकेक स्वर गायब होत होते.

खोपोलीचा गव्हर्नर

आता खालापूर तालुक्यातल्या खोपोलीला चला. तेथील टाटांचे जलविद्युत्केंद्र १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचे पाणी नळांतून सुमारे ५०० मीटर खाली येते आणि पेल्टन चक्रे फिरवते. विजेची मागणी एकदम घटली, तर चक्रावरचा भार कमी होऊन त्याचा वेग वाढू लागतो. तेथे गव्हर्नर नावाची यंत्रणा कामाला येते. ती चक्राचा वेग सतत तपासते आणि वेग ठरावापेक्षा वाढला की पाणी कमी करते.

कॉम्प्रेसर हा आवाजाचा गव्हर्नर होय. त्याच्या एका भागात संकेत मोजला जातो आणि दुसऱ्या भागात त्या मोजमापानुसार प्रवर्धन कमी केले जाते. जणू आत एक चपळ माणूस बसला आहे, आणि आवाज चढला की तो पटकन बटण खाली फिरवतो!

ह्या माणसाला दोन सूचना द्याव्या लागतात. पहिली, उंबरठा: कोणत्या पातळीच्या वर गेल्यावर दाबायचे? दुसरी, प्रमाण: किती दाबायचे? प्रमाण ४ : १ ठेवले, तर उंबरठ्याच्या वर गेलेल्या दर ४ डेसिबलमागे १ च बाहेर येतो.

आपला उंबरठा १० मिलिव्होल्टवर ठेवू. हळू स्वर जसाच्या तसा, १० मिलिव्होल्टचाच, बाहेर येईल. मोठा स्वर उंबरठ्याच्या २० डेसिबल वर आहे. त्याचे ५ डेसिबल उरतील, म्हणजे १०० ऐवजी सुमारे १८ मिलिव्होल्ट. दहापट फरक पावणेदोनपटीवर आला! आता दोन्ही स्वर सारखेच, साडेपाच पटींहून थोडे अधिक वाढवले, तर मोठा स्वर पुन्हा १०० आणि हळू स्वर सुमारे ५६ मिलिव्होल्ट होतो. "आवाज वाढला" असे वाटते ते ह्या शेवटच्या पायरीमुळे.

किती चपळाई हवी?

पाण्याने भरलेला लांब नळ एकदम बंद केला, तर पाण्याचा जबर धक्का बसून नळ फुटू शकतो. म्हणून पेल्टन चक्राच्या गव्हर्नरमध्ये साधारणतः दोन गोष्टी असतात. एक पत्रा झटकन आडवा येऊन पाण्याची धार बाजूला वळवतो, आणि धारेची तोटी मागाहून सावकाश मिटते.

कॉम्प्रेसरलाही असे दोन वेळ लागतात. दाबायला लागणारा वेळ म्हणजे अटॅक आणि पुन्हा मोकळे सोडायला लागणारा वेळ म्हणजे रिलीज. अटॅक फार जलद ठेवला, तर तार छेडल्याचा पहिला टणत्कारच दबतो आणि स्वर बोथट होतो. २०-३० मिलिसेकंद ठेवला, तर तो टणत्कार निसटून पुढे जातो आणि मागचा स्वर आवरला जातो.

रिलीजचे गणित तुम्हीच करा. ४१ हर्ट्झच्या स्वराचे एक कंपन पुरे व्हायला १ भागिले ४१, म्हणजे सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. रिलीज याहून कमी ठेवला, तर कॉम्प्रेसर स्वराऐवजी एकेका कंपनाच्या मागे धावू लागतो आणि स्वर फाटतो. म्हणून बेसला गिटारपेक्षा सावकाश रिलीज लागतो.

फुकट काहीच मिळत नाही

कॉम्प्रेसर लावला की गिटारचा स्वर लांबतो, असे वादक सांगतात. मग ऊर्जेच्या अक्षय्यतेचे काय? तार नेहमीच्याच वेगाने शांत होत असते. पण ती शांत होऊ लागली की दाबणारा हात सैल सुटतो, प्रवर्धन वाढते आणि घट झाकली जाते. जादा ऊर्जा येते ती प्रवर्धकाला मिळणाऱ्या विजेतून.

पण स्वराबरोबर नको ते आवाजही वाढतात. आपल्या उदाहरणात ०.१ मिलिव्होल्टची भुणभुण असेल, तर ती ०.५६ मिलिव्होल्ट होईल. म्हणून शांत जागी घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेचा गुणगुणाट ऐकू येऊ लागतो. शिवाय सगळेच स्वर एका उंचीचे केले, तर गाण्यातला हळुवारपणा आणि जोर दोन्ही जातात.

सर्वांत मोठी किंमत मोजतो तो कान. आपल्या कानातही एक कॉम्प्रेसर आहे. मोठा आवाज आला की मधल्या कानातील रिकीब ह्या हाडाचा स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा घटतो. पण त्याला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका वेळ लागू शकतो. फटाका त्याआधीच आपले काम करून जातो. आणि तासन् तास चाललेल्या गोंगाटापुढे तो स्नायूही दमतो.

कानाला होणारी इजा एकूण किती ध्वनिऊर्जा पोचली यावर अवलंबून असते. ८५ डेसिबलला दिवसाला ८ तास ही मर्यादा मानतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला किती? करून पाहा: फक्त १५ मिनिटे! कॉम्प्रेसरने सर्वांत मोठा स्वर वाढला नाही, तरी सरासरी पातळी वाढते आणि कानाला मधली विश्रांती मिळत नाही. तेव्हा कॉम्प्रेसर लावला की मुख्य आवाज कमी करायला हवा.

त्या मुलाने तेच केले. फक्त जोरकस स्वर पकडले जातील इतका उंबरठा ठेवला, रिलीज वाढवला आणि पुढच्या सरावाला प्रवर्धकाचे बटण खाली आणले. मी शेवटच्या बाकावर बसलो होतो. बेसचा प्रत्येक स्वर तेथे पोचत होता, आणि पहिल्या रांगेत कोणाचीही बोटे कानांत नव्हती.

करून पाहा : आलेख कागदावर आडव्या अक्षावर येणारी आणि उभ्या अक्षावर जाणारी पातळी डेसिबलमध्ये घ्या. उंबरठ्यापर्यंत रेषेचा उतार १, पुढे पाव असेल. आता प्रमाण २ : १ धरून नवी रेषा काढा. आपला १०० मिलिव्होल्टचा स्वर किती होऊन बाहेर येईल?