प्रपंचातले सुख : घळीपासून तळ्यापर्यंत

'ऐहिक जीवनात सुख आहे काय?' असा प्रश्न एकदा मराठीच्या तासाला निघाला, तेव्हा बहुतेकांनी संतवाङ्मयाचा हवाला देऊन 'नाही' असे उत्तर दिले. संसार असार आहे हे आपण कीर्तनात इतक्या वेळा ऐकलेले असते की, ते तपासून पाहावेसेच वाटत नाही. मला ते तपासावेसे वाटले, आणि त्यासाठी फार लांब जावे लागले नाही.

शिवथरघळ आपल्याच महाड तालुक्यात आहे. समर्थ रामदासांनी (१६०८-१६८२) येथे दासबोध सांगितला व कल्याणस्वामींनी तो लिहून घेतला, अशी परंपरा आहे. धुळ्याचे शंकरराव देव यांनी १९३० मध्ये ही जागा उजेडात आणली. पावसाळ्यात घळीच्या तोंडावरून धबधबा कोसळतो. शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. (एवढ्या आवाजात सांगणे आणि लिहिणे कसे झाले असेल, असा भाबडा प्रश्न मला पडला होता.)

दासबोधाचे २० दशक आणि २०० समास आहेत. पहिल्या दशकाच्या अखेरीस नरदेहाची स्तुती आहे. तिसऱ्या दशकात मात्र त्याच नरदेहाची परवड आहे. मुलेबाळे वाढतात, पैसा पुरत नाही, कर्ज होते, मग तो माणूस परमुलखात कमवायला जातो आणि परततो तेव्हा घरची दशा त्याला पाहवत नाही. हे वाचताना मला पोलादपूरच्या स्थानकावर मुंबईच्या एस.टी.त चढणारे माझे वडील दिसले. गणपतीला आणि शिमग्याला येतात, तेवढेच.

पण समर्थ तेथे थांबत नाहीत. बाराव्या दशकाच्या पहिल्याच समासात ते बजावतात की, घरसंसार टाकून परमार्थ करू जाल तर खायलाही मिळणार नाही. दोन्हीकडे लक्ष ठेवणारा तोच शहाणा. म्हणजे संसार असार म्हणून सोडून द्या, असे काही समर्थ सांगत नाहीत. तासाला आम्ही अर्धेच वाचून बोललो होतो.

तरीही माझे एक भांडण उरते. तिसऱ्या दशकातली कथा पुरुषाच्या बाजूने सांगितलेली आहे. तो परमुलखात असताना मागे घर कोणी चालवले? आणि ज्याच्या वाट्याला पाणीच येऊ दिले नाही, त्याने संसार नीट करायचा कसा?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर महाडच्या चवदार तळ्यावर आहे. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये बोले यांचा ठराव केला, महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. तरी प्रत्यक्षात कोणी पाण्याला हात लावू देईना. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह ते पाणी प्यायले. परतणाऱ्यांवर हल्ले झाले, तळ्याची 'शुद्धी' करण्यात आली, आणि कोर्टातला शेवटचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

त्याच डिसेंबरातल्या परिषदेच्या वेळी बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडे इतर बायकांसारखे नीट नेसा, जुन्या पद्धतीच्या दागिन्यांचा भार टाका, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असा त्याचा आशय. त्यातला लुगड्याचा भाग मला प्रथम किरकोळ वाटला. मग आठवले : कॉलेजच्या पहिल्या दिवशी आईने माझ्या ड्रेससाठी शेजारणीकडून इस्त्री मागून आणली होती. आमच्या घरातून कॉलेजात येणारी मी पहिलीच. किरकोळ वाटणे तेथेच संपले.

घळीच्या आणि तळ्याच्या मध्ये तीनशे वर्षांचे अंतर आहे. दोघांनीही माणसाला या जगातून पळायला सांगितले नाही. मात्र नेटकेपणा अंगी यायला आधी हक्क लागतो, हे मला तळ्यावर कळले, घळीत नाही.

हा लेख लिहिताना मी तो आईला थोडा थोडा वाचून दाखवत होते. एप्रिल-मेमध्ये आमच्या वाडीची विहीर आटते, तेव्हा ती दोन हंडे घेऊन खालच्या वहाळापर्यंत जाते. घळीचे वर्णन तिने नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "त्यांच्या दारातच पानी पडतंय गं. लिवायला येळ मिळंलच की!"