मापाची रायफल

पंडरी म्हटलं की रायपूरच्या माणसाला कापड आठवतं. लग्नाचा बस्ता इथे, शाळेचे गणवेश इथे, दिवाळीची गर्दी इथे. आमचं सासरचं दुकानही त्याच बाजारातलं. त्या दुकानाची सून .२२ ची रायफल चालवते, ही गोष्ट बाजाराच्या अंगवळणी पडायला बराच काळ गेला. आता लोक आश्चर्य करत नाहीत, सल्ले देतात. अलीकडे एक प्रश्न वारंवार येतो, विशेषतः मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ पाहणाऱ्या पोरांकडून: "काकू, तिकडे लोक आपल्याला हवी तशी रायफल बनवून घेतात, काडतुसाचं पितळसुद्धा स्वतः घडवतात. तुम्ही का नाही करत?"

पन्नास मीटरच्या रेंजवर उभं राहून, गुडघ्यावर बसून आणि पोटावर पडून जे कळलं, त्यात या प्रश्नाचं उत्तर आहे. सुचेल त्या क्रमाने लिहिते.

१. नळीला हात लावायचा नाही

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम आहेत. परवान्याशिवाय बंदूक बनवणं, नळी बदलणं, तिला वेगळ्या काडतुसासाठी कोरणं हा गंभीर गुन्हा आहे. रायफल बाळगायचा परवाना म्हणजे ती घडवायचा परवाना नव्हे. आणि बिळातल्या उपद्रवी प्राण्यांवर नेम धरण्याची जी हौस अमेरिकेत या रायफली जन्माला घालते, तिला १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर इथे जागा उरलेली नाही. मला त्याचं दुःख नाही. आमच्याच छत्तीसगडातल्या कोरिया संस्थानात १९४७ मध्ये महाराजांनी तीन चित्ते मारले आणि भारतातल्या शेवटच्या चित्त्यांत त्यांची नोंद झाली. बंदुकीची हौस मोकाट सुटली की काय होतं, ते पाहायला आम्हाला लांब जावं लागत नाही.

मग घडवण्यासारखं उरतं काय? दस्ता, गालाची फळी, साइट, पट्टा, आणि कारखान्याने स्क्रू देऊन ठेवलेत तेवढाच ट्रिगर. वाचून थोडं वाटतं. पण माझी बरीच वर्षं त्यातच गेली.

२. पितळेची गोष्ट ऐकून ठेवावी, ती आपल्या मातीपर्यंत येते

माझं माहेर भंडाऱ्याचं. पितळी भांड्यांचं गाव. त्यामुळे काडतुसाच्या पितळेबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ते परकं वाटलं नाही.

अमेरिकेत प्रेअरी डॉग आणि ग्राउंडहॉग म्हणून खारीच्या कुळातले प्राणी आहेत. ते कुरणं आणि शेतं पोखरतात. त्यांना दोन-अडीचशे मीटरवरून टिपायचं तर गोळी लहान, हलकी आणि भन्नाट वेगाची हवी. अशी काडतुसं कारखान्यांत बनायच्या आधी हौशी माणसांनी बनवली. १८८५ च्या .२२ विंचेस्टर सेंटरफायर काडतुसावर १९२० च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेतल्या काही मंडळींनी प्रयोग केले. त्यातून .२२ हॉर्नेट निघालं आणि १९३० मध्ये विंचेस्टर कंपनीने ते बाजारात आणलं. पुढे पी. ओ. अ‍ॅकली नावाच्या बंदूक कारागिराने याच हॉर्नेटची मान आवळून तिच्यात .१७ ची इवलीशी गोळी बसवली. त्या कल्पनेचं कारखान्यातलं रूप, हॉर्नाडीचं .१७ हॉर्नेट, यायला २०१२ उजाडलं. .२२-२५० या नावाजलेल्या काडतुसाचीही तीच कथा: लोक कित्येक वर्षं ते स्वतःच घडवत होते, रेमिंग्टनने १९६५ मध्ये त्याला आपलं म्हटलं.

घडवणं म्हणजे काय, तर तयार पुंगळी डायमध्ये दाबून तिची मान बारीक करायची, आणि मग ती नव्या रायफलीत उडवायची. स्फोटाच्या दाबाने पितळ फुगतं, चेंबरच्या भिंतींना टेकतं आणि त्या रायफलीचं माप घेऊनच बाहेर येतं. मला यातला हा भाग सगळ्यात आवडतो. पण दर वेळी दाबलं-ताणलं गेलेलं पितळ कडक होत जातं आणि मानेपाशी चीर पडते. म्हणून मान आणि खांदा तापवून नरम करतात. बूड मात्र कधीच तापवत नाहीत, कारण सगळा दाब तिथे पेलायचा असतो.

भंडाऱ्यातल्या कारागिराला यातलं काही नवीन वाटणार नाही. ठोकून ठोकून भांडं कडक झालं की ते भट्टीत घालायचं, नरम झालं की पुन्हा ठोकायचं, नाहीतर काठ फाटतो. काडतुसाच्या पितळेत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. धातू ओळखीचा, त्याचे रुसवेही ओळखीचे.

आणि यातली सर्वात सुरस हकिकत तर आपल्याच पावसाळ्यातली आहे. इंग्रजी फौजेने हिंदुस्थानात काडतुसं पावसाळ्याच्या दिवसांत घोड्यांच्या तबेल्यात साठवली. पाऊस सरल्यावर पाहतात तो कुणी हात न लावताच पुंगळ्यांना भेगा. जनावरांच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि ओढून घडवलेल्या पितळेत अडकून राहिलेला ताण, तिन्ही एकत्र आल्याचा तो परिणाम होता. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचा उलगडा केला. उपाय होता बेताने तापवून आतला ताण काढून टाकण्याचा. धातुशास्त्राच्या पुस्तकांत हे उदाहरण अजून शिकवतात.

आता माझ्या .२२ कडे या. तिचं काडतूस रिमफायर. पेट घेणारा मसाला वेगळ्या टोपीत नसतो, बुडाच्या दुमडलेल्या काठात भरलेला असतो. पिन तो काठ चेचते तेव्हा बार उडतो. एकदा चेचलेला काठ पुन्हा भरता येत नाही. म्हणजे कायद्याने मनाई नसती तरी माझ्या पुंगळीचं घडवण्यासारखं काही नाही. पोरांना हे सांगितलं की त्यांचा चेहरा पडतो.

३. घडवता येत नसेल तर निवडावं

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आलंय. गोळी शिशाची, वजन सुमारे २.६ ग्रॅम, व्यास ५.६ मिलिमीटर. स्पर्धेत ती पन्नास मीटरवर जिथे लागायला हवी, ते दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. इथे काडतुसाचा लॉट सगळं ठरवतो. इलीचं असो, लापुआचं असो की आरडब्ल्यूएसचं, त्याच डब्याचा, त्याच किमतीचा, फक्त लॉट नंबर वेगळा असलेला माल एका नळीतून जवळजवळ एकाच भोकात जातो आणि दुसरीतून पसरतो. का, ते नीट कुणी सांगू शकत नाही. नळीची आतली घडण आणि त्या लॉटची बारीकसारीक मापं जुळतात किंवा जुळत नाहीत.

म्हणून रायफल शिकंज्यात धरून वेगवेगळ्या लॉटचे ग्रुप, म्हणजे भोकांचे पुंजके, पाडून पाहायचे आणि जो सर्वांत घट्ट पडेल तो परवान्यावर आणि खिशात मावेल तेवढा घेऊन ठेवायचा. स्वतः नेम धरून ही चाचणी करू नये. आपल्या हाताची थरथर काडतुसाच्या नावावर लागते. आणि महाग तेच चांगलं असंही नाही. माझ्या नळीला मधल्या किमतीचा माल मानवतो, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

२०१० मध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत पडून नेम धरायच्या प्रकारात सुवर्ण जिंकलं, ते ६०० पैकी ५९७ गुणांवर. साठ गोळ्यांत फक्त तीन गुण गेले. त्या पातळीवर खराब लॉटची एक गोळीही परवडत नाही.

४. दस्ता माणसाच्या अंगावर बेतावा

रायफलीवर फिरणारे स्क्रू नुसते शोभेचे नसतात. खांद्याला टेकणारी बटची पाटी मागे-पुढे, वर-खाली आणि तिरकी होते. गालाची फळी उचलता येते. हाताचा ठेवा रुळावर सरकतो. मापाचा नियम एकच: डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, अंग सैल सोडायचं, मग डोळे उघडायचे. साइटचं वर्तुळ समोर नीट गोल दिसलं तर माप बरोबर. मान वाकवून, गाल दाबून ते गोल करावं लागत असेल तर दस्ता चुकलाय. माणूस दहा गोळ्या मान वाकवून मारू शकतो, साठ नाही.

गुडघ्यावर, पोटावर आणि उभं, या तीन आसनांत शरीर तीन वेगळ्या आकारांचं असतं. उभं राहिल्यावर बट लांब चालतो, पडल्यावर तोच गळ्याशी येतो. स्पर्धेत आसन बदलायला मिळणाऱ्या वेळात ही सगळी मापं फिरवायची असतात आणि रायफलीचं एकूण वजन ८ किलोच्या आत राखायचं असतं. मी प्रत्येक स्क्रूवर नेलपॉलिशने तीन रंगांच्या खुणा केल्यात, आसनागणिक एक रंग. रेंजवरचे पुरुष आधी हसले. नंतर दोघांनी बायकोच्या बाटल्या आणल्या.

पॅरिस ऑलिंपिकला १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसळेने ४५१.४ गुणांवर कांस्य मिळवलं ते याच प्रकारात. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा. सुरुवातीला मागे होता, शेवटच्या उभ्या आसनात वर सरकला. घरात सगळे त्याचा चेहरा बघत होते. मी मात्र त्याचं डावं कोपर कंबरेच्या हाडावर कुठे टेकतं, ते बघत होते.

५. जॅकेटसाठी दुकानातलं कापड

यात मला पंडरीचा सरळ फायदा झाला. नेमबाजीचं जॅकेट कॅनव्हास आणि चामड्याचं असतं, पाठ आणि कंबर धरून ठेवतं. बाहेरून आलेलं जॅकेट महाग पडतं आणि ते बहुधा युरोपी खांद्यांवर बेतलेलं असतं. सरावाचं जॅकेट मी जाड कॅनव्हासचं इथेच शिवून घेतलं. शिंपीकाकांनी आधी विचारलं, "तंबू शिवायचा आहे का?" स्पर्धेच्या जॅकेटला मात्र नियम आहेत: कापडाची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर नको, आणि ते किती ताठ आहे ते यंत्राने तपासतात. नवं जॅकेट तपासणीत नापास होतं आणि महिनाभर वापरलं की पास होतं, असंही घडतं.

६. रायपूरचा मे महिना

पारा ४५ ला टेकला की रेंज सकाळी लवकर. काडतुसं मोटारीच्या डिकीत ठेवू नयेत. शिशावरचं मेणकट वंगण मऊ होतं आणि पहिल्या काही गोळ्या भलतीकडे जातात. हवेतल्या लाटांमुळे लक्ष्य वर तरंगल्यासारखं दिसतं. अशा वेळी साइट फिरवण्यापेक्षा थांबलेलं बरं.

गंमत अशी की गोळीला उन्हाळाच मानवतो. स्पर्धेची .२२ मुद्दाम आवाजाच्या वेगापेक्षा थोडी हळू, सेकंदाला साधारण ३३० मीटरच्या आसपास ठेवतात. आवाजाचा वेग गरम हवेत वाढतो: ४५ अंशांना सुमारे ३५८ मीटर, १० अंशांना ३३७. म्हणजे डिसेंबरच्या गारठ्यात गोळी त्या सीमेला जवळजवळ खेटून जाते. उकाड्याने बेजार होतो ते आपण, ती नव्हे.

७. ट्रिगर

रायफलीच्या या प्रकारात ट्रिगरच्या किमान वजनाचं बंधन नाही. म्हणून नवशिके तो फुंकरीने सुटेल इतका हलका करतात. तसं करू नये. बोट टेकलेलं जाणवेल एवढा भार राहू द्यावा. बाकी सराव घरी, रिकाम्या रायफलीने, भिंतीवरच्या ठिपक्याकडे. रिमफायर रिकामी दाबताना सुरक्षित प्लग घालावा, नाहीतर पिन चेंबरच्या काठावर आपटते.

८. नळी किती साफ करावी

याबद्दल दोन नेमबाजांचं एकमत झालेलं मी पाहिलेलं नाही. मी थोडी करते.

९. पोरांनी .२२ मागायच्या आधी

घरी येणाऱ्या प्रत्येक पालकाला मी एअर रायफल सांगते. .१७७ म्हणजे ४.५ मिलिमीटरचे छरे आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असेल तर तिला शस्त्र परवान्याची कटकट नाही. आणि दहा मीटरवर जो दहाचा ठिपका दिसतो तो अर्ध्या मिलिमीटरचा, त्यामुळे 'सोपं आहे' ही समजूत पहिल्याच दिवशी जाते. अंजली भागवत सिडनीच्या २००० च्या ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत पोचली ती दहा मीटरच्या एअर रायफलवरच. पुढे राज्यस्पर्धा, मग मावळंकर स्पर्धा. ज्यांच्या नावाने ती भरते ते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळंकर, १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना उभी करणारे, अहमदाबादेत स्थायिक झालेल्या मराठी घरातले. महाराष्ट्राबाहेर राहून हे करता येतं का, असं विचारणाऱ्या रायपूरच्या मराठी आईबापांना मी हे नाव सांगते.

आणि पहिल्याच वर्षी स्वतःची रायफल घेऊ नये. चौदा-पंधराचं पोर एका उन्हाळ्यात वाढतं, शाळा उघडेपर्यंत बट आखूड पडतो, गालाची फळी खाली राहते, गुण घसरतात. पालक तेव्हा नव्या रायफलीची किंमत विचारायला दुकानात येतात. मी गल्ल्यातून शिवणाचा टेप काढते, पोराला उभं करते, खांद्यापासून बोटापर्यंत माप घेते आणि बटचे स्क्रू किती फिरवायचे ते चिठ्ठीवर लिहून देते.