पक्कड मुलाच्या हातात राहू द्या

एप्रिल उजाडला की हिंजवडीतल्या सोसायट्यांच्या फाटकांवर उन्हाळी शिबिरांचे फलक लागतात. रोबोटिक्स, कोडिंग, पोहणे, अबॅकस. आईवडील दोघेही आयटी पार्कातल्या कंपन्यांत, दुपारी बाहेर रणरणते ऊन, आणि घरात मूल व मोबाइल दोघेच. माणच्या बाजूच्या आमच्या सोसायटीत मी काही उन्हाळ्यांपासून मुलांसाठी विज्ञानाचे शिबिर घेते आहे. त्याआधी माझी सगळी नोकरी यंत्रांच्या कारखान्यात झाली. आपल्या सोसायटीतही असे काही सुरू करायचे म्हणून बरेच जण विचारायला येतात. त्यांना जे सांगते, तेच इथे लिहिते आहे.

१. तयार संच आणू नका.

बाजारात मिळणाऱ्या संचातला प्रत्येक भाग एकाच जागी, एकाच पद्धतीने बसतो. मूल पुस्तिका बघत तासाभरात गाडी जोडते, गाडी पळते, आणि चार दिवसांनी ती माळ्यावर जाते. चुकायला जागाच नसल्यामुळे ती का पळते हे विचारायची वेळ मुलावर येत नाही.

त्याऐवजी आमच्याकडे पहिल्या दिवशी मोटर असते. लागते ते एवढेच: इनॅमल चढवलेली तांब्याची तार, जाड सेल, दोन सेफ्टी पिना आणि जुन्या स्पीकरमधला काळा चुंबक. सेलभोवतीच तारेचे दहा-पंधरा वेढे घ्यायचे, वेटोळे काढून घ्यायचे, दोन टोके दोन्ही बाजूंना सरळ बाहेर ठेवायची. सेलच्या दोन टोकांना पिना लावायच्या, त्यांच्या भोकांत तारेची टोके अडकवायची, खाली चुंबक. तार चकचकीत तांब्याची दिसते, त्यामुळे ती उघडीच आहे असे मुलांना वाटते आणि काहीच हलत नाही. वरचा थर खरवडायला हवा हे कुणाच्या तरी लक्षात आले की सगळी जण ब्लेडपट्टी नाहीतर पॉलिश पेपर घेऊन बसतात आणि दोन्ही टोके स्वच्छ करतात. आता वेटोळे झोका घेतल्यासारखे पुढे-मागे डुलते आणि थांबते.

इथे मी गप्प राहते. वीज वाहताना वेटोळे स्वतःच चुंबक होते आणि खालच्या चुंबकाशी जुळवून घेऊन थांबू बघते. ते फिरत राहायला हवे असेल तर अर्ध्या फेरीपुरती वीज तोडावी लागते. म्हणजे एक टोक सगळीकडून खरवडायचे, दुसरे फक्त एका अंगाने. उरलेली अर्धी फेरी वेटोळे आधीच्या वेगावर पार करते. हे एका वाक्यात सांगता येते, आणि सांगावेसे फार वाटते. पण दीड तास डोके लावून एखाद्या मुलीने ते शोधून काढले की ती ज्या आवाजात ओरडते, तो ऐकल्यावर सांगायची इच्छा पुन्हा होत नाही. मग मी त्यांना मायकेल फॅरडेची गोष्ट सांगते. १८२१ मध्ये पाऱ्याच्या भांड्यात चुंबकाभोवती तार फिरवणारा हा माणूस आधी पुस्तके बांधायचे काम शिकला होता.

२. शिक्षक गावातच आहेत.

ही तार आम्ही कुठून आणतो? माणच्या रस्त्यावरच्या मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून. तारेसाठी गेल्यावर तिथल्या काकांना विचारले, "मुलांना दाखवाल का?" ते म्हणाले, "दुपारी या, तेव्हा गिऱ्हाईक नसतं."

उन्हाळ्यात हिंजवडी बोअर आणि टँकरवर जगते, त्यामुळे काकांकडे जळालेल्या पंपांची रांग असते. त्यांनी मुलांसमोर एक पंप खोलला, काळी पडलेली तार ओढून काढली, खाचांत कागद बसवून नवी वेटोळी कशी भरतात ते दाखवले आणि वेढे मोजून का घ्यावे लागतात ते सांगितले. आदल्या दिवशी स्वतः वेटोळे गुंडाळलेली मुले होती ती. त्यांनी असे प्रश्न विचारले की काका दुकान बंद करायची वेळ विसरले. हिंजवडी, माण, मारुंजी या गावांतून वेल्डिंगवाले आहेत, सुतार आहेत, पंक्चरवाले आहेत. टॉवरमधल्या मुलांनी त्यांना फक्त गाडीच्या काचेतून पाहिलेले असते. त्यांना मानधन द्या, खुर्ची द्या, आणि मुलांना त्यांचे नाव विचारायला सांगा.

शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला, तो याच विश्वासावर. हिंदुस्तान लिव्हरमधले संशोधनाचे काम सोडून ते पाबळला गेले. तिथली मुले वेल्डिंग, बांधकाम, वायरिंग, शेती करत करत शिकतात आणि केलेले काम गावाच्या उपयोगी पडते. शिबिर घेणाऱ्या प्रत्येकाने एकदा पाबळला जाऊन यावे.

३. स्वस्त सामानाला कमी लेखू नका.

अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्याच्या टेल्कोत नोकरीला. १९७८ मध्ये रजा काढून ते होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. तिथे सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी आणि काडेपेटीच्या काड्या जोडून त्यांनी भूमितीचे आकार उभे केले. आमच्या शिबिरात ते अजून चालतात. चौकोन बोटाने दाबला की कलतो, त्रिकोण हटत नाही. त्यानंतर मुलांना बाल्कनीत उभे केले की विजेचे मनोरे आणि बांधकामावरच्या क्रेन यांत ती स्वतःच त्रिकोण मोजू लागतात.

व्हॉल्व्हची नळी आता सहज मिळत नाही. सायकलच्या जुन्या दुकानात विचारावे लागते. प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉची पिपाणी ओठात भिजून बसते, म्हणून आवाजाचे प्रयोग आम्ही पाइपाच्या तुकड्यांवर नेले. पुण्यात गेलात तर चुंबक आणि वायरींसाठी तपकीर गल्ली, हत्यारांसाठी बोहरी आळी, आणि रविवारी किंवा बुधवारी जुना बाजार. जमले तर मुलांना बरोबर न्या. स्वतः निवडून, भाव करून आणलेल्या वस्तूकडे मूल वेगळ्या नजरेने बघते.

४. पालकांना दाराबाहेर ठेवा, पण प्रेमाने.

हे सगळ्यांत अवघड. इथले पालक हुशार आहेत, मुलांसाठी जीव टाकणारे आहेत, आणि अडलेले काम सोडवणे हाच त्यांचा दिवसभराचा व्यवसाय आहे. संध्याकाळी न्यायला येतात, लेकीची मोटर फिरत नाही असे दिसते, आणि हात आपोआप पुढे होतो.

"ताई, मी पटकन करून देऊ का हिला?"

"नको दादा. ती बघतेय."

त्या वडिलांना पाच मिनिटे नुसते उभे राहणे किती जड जाते ते मला दिसते. पण आपले काम कुणी तरी पुरे करून देणार आहे हे एकदा कळले, की मूल अडल्यावर वर बघायला शिकते. म्हणून पालकांसाठी आम्ही शनिवारी वेगळे टेबल मांडतो. तेच सामान, तेच काम, आणि त्यांना मदत करायला मुलांना बंदी. त्यानंतर पालक फारसे मध्ये पडत नाहीत.

५. खोलायचा दिवस हवाच, आणि त्याचे नियम कडक हवेत.

बंद पडलेला मिक्सर, टेबल फॅन, डीव्हीडी प्लेअर, प्रिंटर. प्रिंटर सर्वांत उत्तम: त्यात दातेरी चाके, पट्टे, स्प्रिंगा आणि दोन-तीन मोटरी निघतात. प्लगची वायर आधी कापून टाकायची. मायक्रोवेव्ह, जुना जाड टीव्ही आणि संगणकाचा पॉवर सप्लाय मुलांना अजिबात द्यायचे नाहीत. त्यांतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही वीज साठून राहू शकते. मोबाइल आणि पॉवर बँकेची बॅटरी उघडायची नाही, ती पेट घेते. आणि नाण्याएवढे चपटे सेल माझ्या ताब्यात, मोजून. लहान मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून भाजू शकते. एवढे सांभाळले की हातोडी, करवत, स्क्रू ड्रायव्हर बिनधास्त द्या, डोळ्यांवर चष्मा चढवून. खरे हत्यार हातात आले की मूल सावध होते, हे मी दरवर्षी बघते.

६. आकाश फुकट आहे.

हिंजवडीत १३-१४ मेच्या सुमारास दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. रोज बाराला असेच होते असे बहुतेक मुलांना, आणि मोठ्यांनाही, वाटते. म्हणून आठवडाभर आधीपासून गच्चीत काठी उभी करून खडूने सावलीची टोके आखायची. दिल्लीच्या मावसभावाला फोन करून विचारायला सांगायचे. तिथे हा दिवस कधीच येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या उत्तरेला आहे. इथे मात्र त्यानंतर जुलैअखेरपर्यंत दुपारची सावली दक्षिणेला पडते. बारा आणि साडेबारा यांतला फरक कुठून आला, हे मोठ्या मुलांवर सोपवायचे. भारतीय प्रमाणवेळेची रेषा आपल्या पूर्वेला ८२.५ अंशांवर आहे, तिथून ती हिशेब मांडतात.

आठवीच्या पुढच्या मुलांना आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था माहीत करून द्या. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून तिथे 'पुलस्त्य' ही इमारत उभी राहिली, तिच्यात मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, आणि अरविंद गुप्ता तिथे वर्षानुवर्षे खेळणी करत बसत. डॉ. जयंत नारळीकर संस्थापक संचालक असताना सुट्टीत शाळकरी मुलांना आठवडाभर शास्त्रज्ञांबरोबर काम करायला मिळू लागले. एवढ्या मोठ्या संशोधन संस्थेने मुलांना दार उघडले, मग आपल्या क्लब हाऊसला काय अडचण आहे?

७. फाटक उघडे ठेवा.

शेजारच्या बांधकामावरच्या आणि गावातल्या मुलांना फी न घेता बोलवा. त्यातल्या कित्येकांना पक्कड धरता येते, तारेला पीळ देता येतो. पहिल्या दिवशी वेगवेगळे बसलेले गट दुसऱ्या दिवशी त्यांच्याभोवती जमतात. भाषा हिंदी, मराठी, तेलुगू अशी मिसळून चालते, कुणाचे अडत नाही.

८. शेवटच्या दिवशी प्रदर्शन ठेवू नका.

प्रदर्शन ठरले की आदल्या रात्री घरोघरी आईवडील चिकटवायला बसतात. त्याऐवजी अर्धवट कामे अर्धवटच घरी जाऊ द्या, आणि सोसायटीच्या समितीकडे एका कपाटाची जागा मागा. आमचे कपाट जिन्याखाली आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर शनिवारी संध्याकाळी ते उघडते. तार, सेल, चुंबक, हत्यारे आणि एक वही, जिच्यात मुले काय नेले आणि काय परत ठेवले ते लिहितात. किल्ली सातवीतल्या एका मुलीकडे असते, आणि वहीवर सहीही तिचीच.