घरबसल्या टायपिंगचं काम : ओळींचा हिशेब आणि डोक्याचा ताप



गेल्या काही महिन्यांपासून बैठकीत कर्जमागणीचं एक नवं कारण ऐकू येतंय. शेळी, शिलाई मशीन, बियाणं हे तर नेहमीचंच. आता त्यासोबत "पोरीला लॅपटॉप घ्यायचाय", "सूनबाईला घरबसल्या टायपिंगचं काम मिळतंय, त्याचा क्लास लावायचाय" असंही येतं. यातलं एक काम म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शन. नाव अवघड, समजायला सोपं आणि करायला परत अवघड! या महिन्याच्या अभ्यासाला मी हेच घेतलंय. कर्जाच्या ठरावावर सह्या आपल्या सगळ्याजणींच्या असतात. मग सही कशावर करतोय, ते नको का कळायला?

आधी काम काय ते बघू. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर प्रत्येक पेशंटचं सगळं हाताने लिहीत बसत नाही. पेशंटला काय झालं, काय तपासलं, ऑपरेशन कसं केलं, कोणतं औषध किती द्यायचं, हे तो बोलतो आणि ते रेकॉर्ड होतं. ती आवाजाची फाईल इंटरनेटवरून टायपिंग करणारीकडे येते. ती कानाला हेडफोन लावून ऐकते आणि इंग्रजीत रिपोर्ट टाईप करते. अमेरिकेतल्या दवाखान्यांचं हे काम १९९० च्या दशकापासून भारतात येतंय. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे दिवस असतो, म्हणजे तिकडचा डॉक्टर सकाळी उठेपर्यंत रिपोर्ट तयार. पैसे बहुतेक ठिकाणी ओळीवर मिळतात. ओळ म्हणजे कागदावर दिसते ती नाही. मोकळ्या जागा धरून ६५ अक्षरं झाली की एक ओळ, असं माप सर्रास चालतं. विडी हजारावर, पापड किलोवर, तसं हे ओळीवर.

आता यातला ताप. हे काम करणाऱ्या मुली-सुनांशी बोलल्यावर पहिली तक्रार आवाजाची येते. डॉक्टर गाडीतून बोलतो, जेवता जेवता बोलतो, मागे कुणीतरी हाका मारत असतं. त्यातून बोलण्याची ढब परकी. आपण शाळेत शिकलेलं इंग्रजी आणि हे इंग्रजी, दोन्ही एकच भाषा आहे यावर पहिला महिनाभर विश्वास बसत नाही. एक मिनिटाचं बोलणं टाईप करायला मुरलेल्या हाताला तीन-चार मिनिटं लागतात. नवखीला त्याच्या कितीतरी पट, कारण एकच वाक्य ती दहादा मागे घेऊन ऐकते.

आणि ऐकण्यात चूक झाली तर ती साधी चूक राहत नाही. "फिफ्टीन" आणि "फिफ्टी" पटकन म्हणून बघा. पंधरा मिलिग्रॅमचं औषध पन्नास झालं तर काय होईल? "हायपर" आणि "हायपो" हेही तसंच. एकात रक्तदाब वाढलेला, दुसऱ्यात उतरलेला. "इलियम" हा शब्द तर लहान आतड्याच्या एका भागालाही आहे आणि कमरेच्या हाडालाही. इंग्रजीत एका अक्षराचा फरक, ऐकायला अगदी एकच. मागचं-पुढचं वाक्य समजल्याशिवाय कुठला लिहायचा ते कळत नाही. म्हणून या कामातला नियम असा आहे की ऐकू आलं नाही तर अंदाजाने लिहायचं नाही. जागा रिकामी सोडायची, फाईलमधली वेळ टाकायची आणि वरच्या तपासणाऱ्याला कळवायचं. माझ्या मते अख्ख्या क्लासमध्ये शिकण्यासारखी सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. पलीकडे एक आजारी माणूस असतो आणि त्याचा डॉक्टर हाच कागद वाचणार असतो.

पण इथेच चिडचिड होते. रिकाम्या जागा जास्त झाल्या तरी काही ठिकाणी गुण कापतात आणि चुकीचं लिहिलं तरी कापतात. अचूकपणा ९८ टक्के पाहिजे म्हणतात. अट रास्त आहे, पण चूक कुठे झाली ते दाखवायला पाहिजे की नको? "रिजेक्ट" एवढाच शब्द परत येतो. विडी वळणाऱ्या बायकांना हे दुखणं जुनंच. कारखानदार माल छाटायचा आणि छाटलेल्याचे पैसे द्यायचा नाही. म्हणूनच १९६६ च्या विडी कामगार कायद्यात छाटलेल्या मालाचा आणि त्याच्या मजुरीचा वाद मिटवण्याची वेगळी सोय केली होती. म्हणजे काम घरात केलं म्हणून त्याबद्दल भांडायचं नाही, असं मुळीच नाही.

अलीकडे आणखी एक बदल झालाय. बऱ्याच ठिकाणी आवाजावरून पहिला मसुदा कॉम्प्युटरच लिहितो आणि बाईने तो फक्त तपासायचा. ऐकायला बरं वाटतं, पण तपासण्याचा दर टायपिंगपेक्षा कमी असतो. मशीन चुकीचा शब्दही अगदी ऐटीत, शुद्ध लिहून ठेवतं. त्यामुळे सगळं ऐकावं लागतंच आणि वर डोळेही फाडून बघावं लागतं. क्लासवाल्यांना हे मुद्दाम विचारा : टायपिंगचं काम देणार की तपासणीचं, आणि दोन्हीचा दर काय?

दुसरा ताप घरातला. तो तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण लिहिते. ऑफिसला जाणारी बाई दाराबाहेर पडली की ती कामावर गेली हे शेजाऱ्यांनाही कळतं. ही मात्र खोलीत खुर्चीवर बसलेली दिसते. "अगं, घरीच तर आहेस, जरा दळण टाकून ये." "पाणी आलंय, हंडे भर." पाहुणे आले, चहा ठेव. तिने हेडफोन काढला की वाक्य तुटतं आणि परत पहिल्यापासून ऐकावं लागतं. पाच मिनिटांचं काम सांगितलं तरी तिची पंधरा मिनिटं जातात. त्यात लाईट जाते, रेंज जाते आणि फाईल परत द्यायची वेळ तर ठरलेली. रात्रीच्या फाईल घेतल्या तर सकाळी स्वयंपाक चुकत नाही. मान, मनगट आणि डोळे पहिल्या दोन महिन्यांतच बोलायला लागतात. आपण शेतात वाकून खुरपतो ते कष्ट दिसतात. हे बसून केलेले दिसत नाहीत, एवढाच फरक.

सासूबाई असलेल्या ताईंना एक विनंती. सून कामाला बसली की खोलीच्या दाराला एखादा रुमाल बांधायचा. रुमाल आहे तोवर हाक मारायची नाही. एका गावात हे करतात आणि तिथल्या आजी नातवंडांवर या नियमासाठी अशी काही पाळत ठेवतात की विचारू नका.

आता वही-पेन घ्या. "महिन्याला एवढे हजार मिळतील" हे वाक्य ऐकून कर्ज ठरवायचं नाही. तासाला किती पडतात ते काढायचं. दर कंपनीप्रमाणे बदलतो, म्हणून इथे आपण नुसतं समजून चालू.

समजा ओळीला ७५ पैसे. नवख्या मुलीने दिवसभरात ३०० ओळी पाठवल्या, त्यातल्या ४० कापल्या, पास झाल्या २६०. म्हणजे १९५ रुपये. नेटचा रिचार्ज आणि वीज मिळून रोजचे १५ धरले तर उरले १८०. आता वेळ. टायपिंग सहा तास, परत आलेल्या फाईली सुधारण्यात अर्धा तास, फाईलची नाहीतर लाईटची वाट बघण्यात दीड तास. झाले आठ. १८० भागिले ८, म्हणजे तासाला साडेबावीस रुपये. तुमच्या गावात खुरपणीला तासाला किती पडतात तो आकडा शेजारी लिहा.

लगेच नाक मुरडू नका, हिशेब अजून संपलेला नाही. हीच मुलगी टिकली, कान तयार झाला आणि आठ तासांत ७८० ओळी पास व्हायला लागल्या, तर त्याच दराने ५८५ रुपये होतात. खर्च जाऊन ५७०, म्हणजे तासाला एकाहत्तर रुपयांच्या वर. काम तेच, दर तोच, फरक फक्त सरावाचा. म्हणून हे काम चांगलं की वाईट, असा प्रश्न मला चुकीचा वाटतो. पहिले महिने घर कशावर चालणार आणि हप्ता कोण भरणार, हा खरा प्रश्न. पहिल्या महिन्यात २२ दिवस काम झालं तर आपल्या हिशेबाने हातात येतात ३,९६०. त्यातून लॅपटॉपचा दीड हजाराचा हप्ता काढला की काय उरतं बघा. त्यातही पैसे महिना-दीड महिना उशिरा आले तर? गटाने असं कर्ज देताना सुरुवातीचे काही महिने फक्त व्याज घेऊन मुद्दल पुढे ढकलायचा ठराव करता येतो. शेळीला वेत होईपर्यंत थांबतोच ना आपण? इथेही थांबायला हरकत नाही.

रोजची एक वही ठेवा. तारीख, किती मिनिटांची फाईल, किती ओळी पाठवल्या, किती पास, किती कापल्या आणि कारण काय दिलं, पैसे कधी आले. कंपनीच्या हिशेबात आणि वहीत फरक दिसला की वही घेऊन विचारता येतं. वहीत पेशंटचं नाव किंवा आजार मात्र कधीच लिहायचा नाही. अडलेला शब्द विचारायला स्क्रीनचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचा नाही, गावातल्या नर्सताईंनासुद्धा नाही. अमेरिकेत यासाठी १९९६ चा हिप्पा नावाचा कायदा आहे. पण कायदा सोडा, आपल्या पोटातल्या गाठीचा कागद कुणी गावभर फिरवला तर चालेल का आपल्याला?

आता सगळ्यात महत्त्वाचं. घरबसल्या टायपिंगच्या नावाने फसवणूक फार चालते. पद्धत ठरलेली असते. आधी नोंदणीचे किंवा अनामतीचे पैसे मागतात. मग मोबाईलवरच एका करारावर सही घेतात. चार-पाच दिवस काम करून घेतात आणि म्हणतात, "तुमचं काम अचूक नाही, करार मोडला, आता नुकसानभरपाई भरा." मग वकिलाच्या नावाने नोटीस, पोलिसांच्या नावाने फोन. बाई घाबरते, घरात सांगत नाही आणि मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे भरते. भरले की आणखी मागतात.

हे नीट लक्षात घ्या. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे. असं काही आलं तर एक रुपयाही न भरता आधी गटात सांगा. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन करा. जितका लवकर, तितकी रक्कम थांबवता येण्याची शक्यता जास्त. कायदेशीर सल्ल्यासाठी तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्याने महिलांना तिथे मोफत मदत मिळते, उत्पन्न कितीही असो. कुणी फसली तर "तुला अक्कल नव्हती का" असं बैठकीत म्हणायचं नाही. असं एकदा म्हटलं की दुसरी कुणी तोंड उघडत नाही.

क्लासची फी भरण्याआधी, आधी शिकून गेलेल्या दोन-तीन मुलींशी बोलणं करून द्या म्हणावं. शंभर टक्के नोकरीची हमी देणारा क्लास एवढंही करून देत नसेल, तर ती हमी फक्त फलकावर आहे. आणि मुलीला फी न भरता घरीच तपासता येईल अशी एक गोष्ट आहे : मोबाईलवर इंग्रजी बातम्या लावा, पाच मिनिटं ऐकून जसंच्या तसं लिहायला सांगा. निम्मं तरी आलं तर पुढे जा. नाही आलं तर सहा महिने आधी इंग्रजी ऐकण्यात घाला, फीचे पैसे कुठे पळून जात नाहीत.

घरी काम करणाऱ्या बायकांना जगात कामगार म्हणून मान मिळावा यासाठी अहमदाबादच्या सेवा संघटनेने आणि इला भट्ट यांनी खूप झगडा केला. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरी होणाऱ्या कामावर १७७ क्रमांकाचा करार केला. भारताने तो अजून मंजूर केलेला नाही. तोपर्यंत आपल्या हातात आहे ते करू. टायपिंग असो, विडी असो, गोधड्या असोत, वय १६ ते ५९ असेल आणि प्रॉव्हिडंट फंड किंवा ईएसआय कापला जात नसेल, आयकरही भरत नसाल, तर ई-श्रम कार्ड काढून घ्या. नोंदणी मोफत आहे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गटाने आपल्या गटात घरी बसून मजुरीचं काम करणाऱ्या किती जणी आहेत ते मोजून आणा. त्यातल्या एकीचा तरी एका दिवसाचा हिशेब वरच्यासारखा मांडून आणा, वाट बघण्याचा वेळ धरून. मी कोरे तक्ते घेऊन येते. कॅल्क्युलेटर मात्र तुमचा.